नवऱ्यावर पाच वर्षांची बंदी, एजंट म्हणतोय नवीन पासपोर्ट काढा: कॅनडा स्पाउस स्पॉन्सरशिपचं सविस्तर उत्तर

ताई, नवऱ्याला स्पॉन्सर करून कॅनडात कसं आणायचं हा तुमचा प्रश्न लांबलचक होता, तो आधी चार ओळीत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तर कळेल. तुम्ही बेळगाव शहापूरच्या, २०१९ ला स्टुडंट म्हणून कॅनडात आलात, एप्रिल २०२२ ला एक्स्प्रेस एंट्रीतून पीआर (कॅनडात कायम राहण्याचा हक्क) मिळाली, तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. मिस्टर निपाणीचे, कॉलेजपासूनची म्हणजे २०१६ पासूनची ओळख, फेब्रुवारी २०२२ ला साखरपुडा, डिसेंबर २०२३ ला लग्न. त्यांचा २०१८ ला व्हिजिटर व्हिसा रिफ्यूज झालेला. २०२१ ला स्टडी परमिट टाकला तेव्हा एजंटनं "यापूर्वी व्हिसा नाकारला आहे का" या प्रश्नाला सरळ "नाही" केलं, ऑफिसरचं पत्र एजंटच्याच ईमेलला आलं, त्यानं उत्तर दिलं नाही, आणि १९ ऑगस्ट २०२१ ला मिसरेप्रेझेंटेशन (खोटी माहिती दिल्याचा ठपका) लावून रिफ्यूज. मग दुबईला नोकरी, शेवटी चार महिने ओव्हरस्टे, दंड भरून परत. आणि आता दुसरा एजंट म्हणायलालाय की नवीन पासपोर्ट काढा, जन्मगाव बेळगावचं बेळगावी करा, नावातला वडिलांच्या नावाचा क्रम बदला, आणि "फर्स्ट टाइम" म्हणून फाईल टाका.

शेवटच्या गोष्टीपासून सुरू करतो, कारण त्यात तुमची स्वतःची पीआर जाऊ शकते. हे करू नका. मी पण शहापूरचाच, गेली सोळा वर्षं इथं ब्रॅम्प्टनमध्ये लायसन्स घेऊन हेच काम करतोय, आणि पासपोर्टची ही आयडिया दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी नव्यानं शोधून काढतं. माणसाची ओळख कॅनडाच्या सिस्टीममध्ये पासपोर्ट नंबरवर नसते, यूसीआय नावाचा एक क्लायंट नंबर असतो, तो पहिल्या अर्जाला पडतो आणि कायमचा राहतो. नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं जुळली की जुनी फाईल वर येते, आणि २०२१ ला बोटांचे ठसे दिले असतील तर विषयच संपला, पासपोर्ट दहा काढा, बोटं तीच की. वर अमेरिका, यूके, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांच्याशी कॅनडाची माहितीची देवाणघेवाण चालते. म्हणजे दुसऱ्यांदा "नाही" लिहिलं की दुसरं मिसरेप्रेझेंटेशन, परत पाच वर्षं. आणि यावेळी स्पॉन्सर म्हणून सही तुमची असणार. माहीत असून खोटं दिलं तर तुमच्यावर पण रिपोर्ट होऊ शकतो, कायद्यात खटला, दंड, तुरुंग सगळं लिहिलेलं आहे.

बेळगाव-बेळगावी हा फरक आपल्याकडं खराखुरा आहे, तो लपवायला वापरायची गरजच नाही. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं नाव बदललं, त्यामुळं जुन्या पासपोर्टवर एक आणि नव्यावर दुसरं येणारच. कव्हर लेटरमध्ये एक ओळ टाका की एकच शहर आहे, झालं. फॉर्ममध्ये "वापरलेली इतर नावं" असा रकाना असतो, तिथं सगळी नावं भरायची, दाखल्यावरचं स्पेलिंग, आधारवरचं स्पेलिंग, सगळं. तुमचं पण बघा, लग्नात तुमचं पहिलं नाव बदललं असेल आणि पत्रिकेवर किंवा लग्नाच्या सर्टिफिकेटवर ते सासरचं नाव आलं असेल तर ते पण तिथं लिहायचं. इथल्या ऑफिसरला आपल्याकडं तांदळात नाव लिहून बायकोचं नाव बदलतात हे काय माहीत, त्याला वाटतं ही दुसरीच कोणीतरी बाई.

आता मुख्य मुद्दा, बंदी. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यातल्या कलम ४० खाली देशाबाहेरून मिसरेप्रेझेंटेशन ठरलं तर अंतिम निर्णयाच्या तारखेपासून पाच वर्षं माणूस अपात्र असतो. पूर्वी ही दोन वर्षं होती, २०१४ च्या नोव्हेंबरपासून पाच झाली. आणि त्याच वेळी अजून एक गोष्ट आली जी लोकांना माहीतच नसते, या पाच वर्षांत त्या माणसाला पीआरचा अर्जच करता येत नाही. बायको स्पॉन्सर करतेय म्हणून त्यात आपोआप सूट नाही. तुमच्या मिस्टरांच्या पत्रावर १९ ऑगस्ट २०२१ आहे, तेव्हा १९ ऑगस्ट २०२६ संपेपर्यंत फाईल टाकायची नाही, आणि मी असतो तर अजून दोन आठवडे हात बांधून बसलो असतो, एक-दोन दिवसाच्या हिशोबावरून वाद नको. लोक घाई करतात, तीन महिने आधी टाकतात, म्हणतात प्रोसेसिंगला वर्ष लागतं तोवर बंदी संपेल. तसं चालत नाही, अर्ज केला ती तारीख बघतात.

या काळात व्हिजिटर व्हिसा पण टाकू नका, अपात्र माणसाला तो मिळत नाही, उगाच अजून एक रिफ्यूजल नावावर. मानवतावादी कारणांवर सूट मागता येते, टेम्पररी रेसिडेंट परमिट (अपात्र असूनही तात्पुरतं येण्याची खास परवानगी) पण मागता येतं, पण त्यासाठी कारण तसंच तगडं लागतं, नुसतं "आम्ही लांब राहतोय" हे प्रत्येक जोडप्याचं असतं.

एक चांगली गोष्ट सांगतो. मिस्टर कॅनडात कधी आलेच नाहीत, म्हणजे त्यांच्यावर रिमूव्हल ऑर्डर (देश सोडण्याचा आदेश) नाही. ज्यांना कॅनडातून घालवलेलं असतं त्यांचं त्रांगडं वेगळं असतं, डिपार्चर ऑर्डरला तीस दिवसात निघून नोंद केली नाही तर ती डिपोर्टेशन ऑर्डर होते आणि मग परत यायला खास परवानगी लागते, बायको सिटिझन असली तरी लागते. तुम्हाला यातलं काही नाही. पाच वर्षं भरली की बंदी आपोआप संपते, वेगळा अर्ज नाही, फी नाही.

पण बंदी कॅलेंडरवर संपते, फाईलमधनं जात नाही. ऑफिसर तुमची नवीन फाईल उघडतो तेव्हा शेजारी २०१८ आणि २०२१ च्या दोन्ही उघडतो आणि तिन्ही एकमेकांना लावून बघतो. माझ्याकडं आलेल्या या प्रकारच्या केसेसमध्ये जुन्या रिफ्यूजलपेक्षा या तिन्हीतल्या विसंगतीनं जास्त घात केलाय. तुमच्याच केसमध्ये बघा. नात्याच्या फॉर्ममध्ये, आयएमएम ५५३२ मध्ये, तुम्ही लिहिणार की २०१६ पासून ओळख, २०१९ ला मी कॅनडाला गेले तरी रोज बोलायचो. आणि २०२१ च्या स्टडी परमिटला एजंटनं जे "स्टेटमेंट ऑफ पर्पज" जोडलं असेल त्यात हमखास एक वाक्य असतं, माझं कॅनडात कोणीही नाही, शिकून मी निपाणीला परत येऊन वडिलांचा धंदा सांभाळणार. ते वाक्य तुम्ही वाचलेलं पण नाही, मिस्टरांनी पण वाचलेलं नसेल, सही मात्र त्यांची आहे. आता ऑफिसरला दोनच शक्यता दिसतात, तेव्हा खोटं बोलला किंवा नातं आता बनवलेलं आहे. दुसरी शक्यता धरली तर नियम ४(१) खाली "लग्न खरं नाही किंवा मुख्यतः इमिग्रेशनसाठी केलं" म्हणून रिफ्यूज. म्हणजे ज्याची बंदी तुम्ही भोगून संपवली ती गोष्ट नाही, दुसरीच गोष्ट येऊन बसते डोक्यावर.

म्हणून पहिलं काम फॉर्म नाही, जुन्या फाईली मागवायच्या. तुम्ही कॅनडात आहात, पीआर आहात, तुम्ही माहिती अधिकारासारखा एटीआयपी अर्ज करू शकता, पाच डॉलर फी, मिस्टरांची सही असलेला संमतीचा फॉर्म आयएमएम ५७४४ लागतो. मागताना नुसत्या जीसीएमएस नोट्स (इमिग्रेशनच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी) मागू नका, सगळे तेच करतात. नोट्समध्ये ऑफिसरनं काय लिहिलं ते येतं, पण एजंटनं काय जोडलं होतं ते येत नाही. दोन्ही अर्जांचे भरलेले फॉर्म, जोडलेली पत्रं, बँकेचे कागद आणि एजंटला गेलेलं ते पत्र, सगळ्याच्या कॉपी हव्यात असं स्पष्ट लिहा. कायद्यानं तीस दिवस, प्रत्यक्षात जास्त लागतात, म्हणून आत्ताच टाका, बंदी संपायची वाट बघू नका. बँकेचं पत्र आलं की जरा नीट बघा. रिफ्यूजल लपवण्याबरोबर एजंटनं बॅलन्स सर्टिफिकेट पण "बनवलं" होतं असं एका केसमध्ये मला फाईल हातात आल्यावरच कळलं, पोराला काहीच माहीत नव्हतं, घरचे म्हणत होते आम्ही तर त्याला फक्त पासबुकाची झेरॉक्स दिलेली.

कागद आले की खुलाशाचं पत्र लिहायचं. मिस्टरांनी त्यांच्या नावानं, त्यांच्या शब्दात. इथं लोक दोन चुका करतात. एक, सगळं एजंटवर ढकलतात. कायद्याच्या नजरेत एजंटनं भरलेला फॉर्म हा तुमचाच फॉर्म, "मला माहीत नव्हतं" हे अगदी क्वचित चालतं. दुसरी चूक म्हणजे रडगाणं, दोन पानं आईचा बीपी आणि वडिलांचं कर्ज. "आमची फसवणूक झाली, कृपया सहानुभूतीनं विचार करावा" असलं काही नको. साधं लिहा, की २०१८ ला माझा व्हिजिटर व्हिसा नाकारला होता, २०२१ च्या अर्जात ते "नाही" असं गेलं, फॉर्म भरून झाल्यावर मी वाचला नाही आणि सही केली, ती चूक माझी, पत्र एजंटच्या ईमेलला आलं ते मला रिफ्यूजल झाल्यावर समजलं, त्या निर्णयानंतर मी कॅनडाला अर्ज केलेला नाही, बंदी अमुक तारखेला संपली. आणि ते "माझं कोणी नाही" वाक्य फाईलमध्ये निघालं तर त्याचा पण खुलासा याच पत्रात, विचारायच्या आधी. तेव्हा साखरपुडा नव्हता, घरी सांगितलेलं नव्हतं, हे खरं असेल तर तसंच लिहा, आपल्याकडं घरी सांगायच्या आधी कुठल्या कागदावर पोरीचं नाव कोण लिहितं, हे ऑफिसरला समजावलं तर समजतं. एक पान पुरे.

दुबईचं लपवायचं नाही. आयएमएम ५६६९ या फॉर्ममध्ये गेल्या दहा वर्षांचा इतिहास एक महिना सुद्धा रिकामा न ठेवता लिहावा लागतो आणि कुठल्याही देशानं व्हिसा नाकारला का, देश सोडायला सांगितलं का हे पण विचारतात. ओव्हरस्टे, दंडाची पावती, एक्झिटचा शिक्का, सगळं जोडा. दंड भरून स्वतःहून परत आलेला माणूस ही काही फार मोठी गोष्ट नाही, पासपोर्टवर शिक्का आणि फॉर्मवर काहीच नाही ही मोठी गोष्ट आहे.

नात्याच्या पुराव्याचं बघू. तुमचं लग्न शिनोळीच्या कार्यालयात झालं, म्हणजे बेळगावपासून अर्ध्या तासावर पण चंदगड तालुका, महाराष्ट्र. सर्टिफिकेट मराठीत, मिस्टरांचा जन्मदाखला कन्नडमध्ये, तुमचा शाळेचा दाखला मराठीत, आधार कार्डवर कन्नड आणि इंग्रजी. आपल्याला यात काहीच वाटत नाही पण बाहेरच्या माणसाला एका गावची माणसं दोन राज्यांचे कागद का आणतात हे कळत नाही, त्याला संशय यायच्या आधी दोन ओळीत सीमाभाग काय आहे ते सांगून टाका, १९५६ ची भानगड सांगत बसू नका. इंग्रजी भाषांतर प्रत्येक कागदाचं, पूर्ण, शिक्क्यातल्या अक्षरासकट, आणि भाषांतर करणारा नात्यातला चालत नाही. चुलतभाऊ वकील असला, कन्नड-मराठी दोन्ही फर्डं असलं, तरी चालत नाही. कोर्टाच्या आसपास नोटरी आणि भाषांतर करणारे मिळतात, पण केलेलं भाषांतर स्वतः एकदा वाचा, मी "सौभाग्यकांक्षिणी" हे पोरीचं पहिलं नाव म्हणून टाइप केलेलं बघितलंय.

लग्नाची तारीख म्हणजे अक्षता पडल्या, सप्तपदी झाली ती तारीख, रजिस्टर केल्याची नाही. हिंदू विवाह कायद्यात रजिस्ट्रेशन नसलं तरी लग्न वैधच असतं. सगळ्या फॉर्मवर तीच तारीख हवी. आणि लग्नाला दोघंही समोर हजर होता ना, कारण २०१५ च्या जूनपासून फोनवर किंवा व्हिडिओवर लागलेलं लग्न स्पॉन्सरशिपला धरत नाहीत.

फोटोंचा ढीग लावू नका. हार घालतानाचे चाळीस फोटो एकच गोष्ट सांगतात. साखरपुड्याचे दोन-तीन, हळद, याद्या करताना दोन्हीकडचे वडीलधारे बसलेत तो, लग्नाचे पाच-सहा ज्यात दोन्ही आईवडील दिसतात, नंतर तुम्ही भारतात गेलात तेव्हाचे, सांब्रा विमानतळावर घ्यायला आलेले, सासरी गणपतीचे. प्रत्येकाखाली कोण, कुठं, कधी. फॉर्ममध्ये विचारतात की लग्नाला कोणकोण होतं, जवळचं कोण आलं नाही तर का नाही, तिथं खरं उत्तर द्या. मिस्टरांच्या मोठ्या भावाचं आणि त्यांचं पटत नाही म्हणून तो आला नाही असं तुम्ही लिहिलंय, तेच फॉर्मवर लिहा, इंटरव्ह्यूला बोलावलं तर तेच सांगायचं. २०१६ ते २०२१ मधलं काहीतरी मिळालं तर ते सोन्यासारखं आहे. जुने मेसेज, कॉलेजच्या ट्रिपचा फोटो, तुम्ही २०१९ ला निघालात तेव्हाचा, त्यांनी पाठवलेल्या कुंद्याच्या पार्सलची पावती का असेना. बंदी लागायच्या आधीपासून नातं होतं हे दाखवणारा प्रत्येक कागद "इमिग्रेशनसाठी लग्न" या शंकेला थेट उत्तर आहे.

तुमची पात्रता पटकन. स्वतः नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपवर आला नाहीत, म्हणून ते पाच वर्षं थांबायचं बंधन तुम्हाला नाही. पगाराची किमान मर्यादा नवऱ्यासाठी साधारण नसते, सरकारी वेल्फेअर घेत नसलात की झालं, अपंगत्वाची मदत त्यात धरत नाहीत. क्युबेकमध्ये राहत असाल तर नियम वेगळे. तीन वर्षांची हमी द्यावी लागते आणि मध्ये घटस्फोट झाला तरी ती हमी सुटत नाही.

साखरपुड्याचं टेन्शन तुम्ही घेतलंय ते सोडा. पीआर घेताना फक्त साखरपुडा झालेला होता, लग्न नाही, एकत्र राहत नव्हता, तेव्हा "सिंगल" बरोबरच होतं. हां, ज्यांनी गावात देवळात लग्न लावलं, रजिस्टर केलं नाही म्हणून पीआरला "सिंगल" लिहिलं, त्यांचा मामला अवघड आहे, नियम ११७(९)(डी) खाली तो जोडीदार फॅमिली क्लासमधून, म्हणजे स्पॉन्सर करता येणाऱ्या नातेवाईकांतून, बाहेर पडतो. २०१९ च्या सप्टेंबरपासून काहींसाठी सवलतीची योजना आली, मुदत वाढत गेली, पण सगळ्यांना लागू होत नाही, अशांनी वेगळं विचारा, आणि आधी काही टाकू नका.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही. पीआर स्पॉन्सरला कॅनडात राहावं लागतं, अर्ज करतानाही आणि नवरा येईपर्यंतही. सिटिझनला बाहेर राहून पण स्पॉन्सर करता येतं, नवरा आला की परत कॅनडात राहणार हे दाखवलं की पुरे. तुमची पीआर २०२२ ची, पाच वर्षांत १,०९५ दिवस भरले की सिटिझनशिपचा अर्ज करता येतो, स्टुडंट असतानाचे दिवस अर्धे धरतात, जास्तीत जास्त ३६५. म्हणजे तुमचे बहुतेक भरलेत, मोजून बघा. ऑगस्ट २०२६ ची वाट बघायचीच आहे तर हे मध्ये होऊन जाऊ शकतं, मग फाईल टाकून निपाणीला सासरी राहता येईल, आणि एकत्र राहणं हाच सगळ्यात मोठा पुरावा. तोटा पण सांगतो, भारतीय नागरिकत्व जातं, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) घ्यावं लागतं, आणि ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांची खानापूरकडची जमीन वारशानं येऊ शकते, पण शेतजमीन विकत घेणं आत्ता भारतीय नागरिक असूनही, परदेशात राहत असल्यानं, तुम्हाला चालत नाही.

नाहीच म्हणाले तर? बाहेरून टाकलेल्या स्पाउस फाईलचं रिफ्यूजल आलं की स्पॉन्सरला तीस दिवसांत इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडं जाता येतं, तिथं नव्यानं पुरावा देता येतो, मिस्टरांची साक्ष फोनवर होते. बाकी नातेवाईकांना मिसरेप्रेझेंटेशनमध्ये हे दार बंद असतं, नवरा-बायको आणि मुलांना उघडं ठेवलंय. तीस दिवस म्हणजे तीस दिवस, म्हणून ईमेल आयडी फाईलवर तुमचा स्वतःचा टाका, कुठल्याही एजंटचा नको. पैसे घेऊन कॅनडाच्या फाईलचा सल्ला द्यायला लायसन्सवाला कन्सल्टंट, वकील किंवा क्युबेकचा नोटरी लागतो, कन्सल्टंटचं नाव त्यांना लायसन्स देणाऱ्या संस्थेच्या (तिला "कॉलेज" म्हणतात) ऑनलाइन रजिस्टरमध्ये दोन मिनिटात तपासता येतं. खडे बाजारात बोर्ड लावला म्हणून कोणी लायसन्सवाला होत नाही. आणि जो पैसे घेतो पण फॉर्मवर स्वतःचं नाव टाकायला नको म्हणतो, त्याला तिथंच नमस्कार करा.

आत्ता करायचं ते एवढंच: एटीआयपी अर्ज, दुबईचे कागद, भाषांतरं. भारतातलं पोलीस क्लिअरन्स मात्र आत्ता काढू नका, राहत्या देशाचं सर्टिफिकेट अर्जाच्या वेळी सहा महिन्यांच्या आतलं लागतं, ते २०२६ च्या मार्चच्या आधी काढलंत तर परत पासपोर्ट ऑफिसच्या लाइनीत उभं राहावं लागेल. दुबईचं चालेल, कारण ते तिथनं निघाल्यानंतरचं असलं की पुरतं, आणि त्याला वेळ लागतो.